बारा दिवसांचा संप आणि अकरा बाद मतं: ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूचं प्रकरण

संपाचं मतदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेट मीटिंगच येते. अध्यक्ष माइकवरून विचारतात "करायचा का संप?", शे-पाचशे हात वर जातात, दोन घोषणा होतात आणि झालं मतदान. मी एका कंपनीच्या युनियन कमिटीत काही वर्षं होतो, आमचा ठरावही असाच झाला होता. नंतर वकिलांनी एकदम थंडपणे विचारलं की एकूण मेंबर किती, हजर किती, हात किती आणि हे कुठं लिहून ठेवलंय, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. रजिस्टरमधे फक्त "प्रचंड बहुमताने मंजूर" एवढंच होतं. तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला, आणि त्यात सगळ्यात जास्त शिकवणारं प्रकरण कुठलं असेल तर ते लंडनचं, ब्रिटिश एअरवेज विरुद्ध युनाइट युनियन, २००९ ते २०११.

आधी भांडण काय होतं ते. २००८ च्या मंदीनंतर कंपनी तोट्यात गेली होती, मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात करपूर्व तोटा ४० कोटी १० लाख पौंड. विली वॉल्श तेव्हा सीईओ. त्यांनी ठरवलं की केबिन क्रूचा खर्च कमी करायचा. हीथ्रोवरून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवर पंधराऐवजी चौदा माणसं, पगार गोठवायचे आणि नव्याने भरती होणाऱ्यांसाठी वेगळा फ्लीट, म्हणजे क्रूचा स्वतंत्र गट, आणि वेगळा (म्हणजे अर्थातच कमी) पगार. बोलणी महिनोनमहिने चालली, जमलं नाही, आणि नोव्हेंबर २००९ मधे कंपनीने माणसं कमी करण्याचा बदल एकतर्फी लागू करून टाकला. त्याच सुमारास बऱ्याच जणांनी स्वेच्छेने नोकरी सोडायची योजना घेतली, आपल्याकडे ज्याला व्हीआरएस म्हणतात तीच भानगड. ही व्हीआरएसवाली मंडळी लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच अडकणार आहे.

आता तिथला तेव्हाचा कायदा, कारण तो कळल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही. ब्रिटनमधे संप करण्याचा असा सरळ हक्क कायद्यात लिहिलेलाच नाही. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग, आणि युनियनने संप पुकारला म्हणजे लोकांना करारभंग करायला उचकवलं, त्याबद्दल कंपनी भरपाई मागू शकते. १९०१ साली टॅफ व्हेल रेल्वेच्या प्रकरणात युनियनवर अशीच भरपाई बसली होती, मग १९०६ च्या कायद्याने युनियनला त्यातून संरक्षण दिलं. म्हणजे हक्क नाही, पण कवच आहे. थॅचरबाईंच्या काळात १९८४ मधे या कवचाला अट लागली, आधी गुप्त मतदान घ्या मगच कवच मिळेल. १९९३ पासून तर मतपत्रिका प्रत्येकाच्या घरी पोस्टाने जायलाच पाहिजे आणि पोस्टानेच परत यायला पाहिजे. शिवाय मतदान घेतोय याची कंपनीला आगाऊ नोटीस, कुठल्या प्रकारचे किती कामगार मत देणार ते आकडे, बाहेरचा स्वतंत्र निरीक्षक, निकाल सगळ्यांना कळवणं, मग संपाची पुन्हा वेगळी नोटीस (तेव्हा सात दिवसांची), आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे मतदानानंतर चार आठवड्यांच्या आत संप सुरू व्हायला हवा होता नाहीतर मतदान शिळं. मतपत्रिकेवर "संपात भाग घेतल्यास तुमच्या कराराचा भंग होऊ शकतो" अशी सूचनासुद्धा छापावी लागते. सिगारेटच्या पाकिटासारखी!

आणि मुख्य मेख अशी की या सगळ्याला आधी कुणी मंजुरी देत नाही. ऑस्ट्रेलियात उलटं आहे, तिथे २००९ च्या फेअर वर्क कायद्याप्रमाणे युनियन आधी आयोगाकडे जाते, मतदानाची ऑर्डर घेते, मतपत्रिकेवरचे प्रश्नसुद्धा तिथूनच मंजूर होऊन येतात आणि मग मतदान होतं. ब्रिटनमधे तुम्ही तुमचं मतदान घ्या, निकाल लावा, तारीख जाहीर करा, आणि मग शेवटच्या आठवड्यात कंपनी कोर्टात जाऊन सांगणार की यांचं मतदानच चुकीचं आहे. परीक्षा आधी, अभ्यासक्रम नंतर.

१४ डिसेंबर २००९ ला निकाल लागला. साधारण ८० टक्के मतदान, त्यातले ९२.४९ टक्के संपाच्या बाजूने. असले आकडे कुठल्याही युनियनला स्वप्नात दिसतात. त्याच दिवशी युनियनने जाहीर केलं, २२ डिसेंबर ते २ जानेवारी, सलग बारा दिवस संप. म्हणजे पूर्ण नाताळ. दहा लाख प्रवाशांच्या तिकिटांचा प्रश्न. माझं मत विचाराल तर ही तारीख निवडली तिथेच युनियनने निम्मी केस हरली, पण त्याबद्दल नंतर.

कंपनी हायकोर्टात गेली आणि १७ डिसेंबरला न्यायाधीश लॉरा कॉक्स यांनी मनाई हुकूम दिला. कारण काय, तर ज्यांना मतपत्रिका पाठवल्या त्यात आठशेच्या वर लोक असे होते जे व्हीआरएस घेऊन संपाच्या तारखेआधीच नोकरी सोडून जाणार होते. कायदा म्हणतो मत फक्त त्यांचं, जे संपात उतरतील असं युनियनला वाजवीपणे वाटतं. जो माणूस तोपर्यंत घरी बसलेला असेल तो कसला संप करणार? त्यांना मत देऊन चुकीचं मतदान झालं, आणि कंपनीला दिलेले आकडेही त्यामुळे चुकले.

युनियनने अर्थातच सांगितलं की साहेब हिशोब तर बघा. आपणही करून बघू. संपाच्या बाजूने पडलेली मतं साडेनऊ हजारांच्या आसपास, विरोधात सातशेच्या आसपास. समजा त्या आठशेच्या वर सगळ्याच लोकांनी मत दिलं आणि सगळ्यांनी "हो" म्हटलं, ती सगळी मतं काढून टाका, तरी ८,७०० विरुद्ध ७००. टक्केवारी ९२ च्या आसपासच राहते. निकालावर काडीचा फरक नाही. पण कोर्टाचं म्हणणं असं की निकाल बदलला असता का हा प्रश्नच नाही. छोट्या, अपघाताने झालेल्या चुका माफ करायची तरतूद कायद्यात आहे, पण ती इथे लागू होत नाही, कारण लोक व्हीआरएस घेतायत हे युनियनला माहीत होतं. "तुम्ही नोकरी सोडत असाल तर मत देऊ नका" एवढी एक सूचना मेंबरांना द्यायची, तीही दिली नाही.

इथे मला दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे वाटतं की हा अन्यायच आहे, दहा हजार लोकांनी घरी बसून पेनाने फुली मारून पोस्टात टाकलेलं मत आठशे नावांपायी कचऱ्यात. दुसरीकडे कमिटीत बसलेला माणूस म्हणून माहीत आहे की यादी हे काम कुणालाच आवडत नाही. भाषण करायला दहा जण पुढे असतात, मेंबरशिपची यादी अपडेट करायला एक जण मिळत नाही. रिटायर झालेले, बदली झालेले, प्रमोशन घेऊन ऑफिसर झालेले, सगळ्यांची नावं वर्षानुवर्षं तशीच.

आता ती तारखेची गोष्ट. मनाई हुकूम देताना कोर्ट पूर्ण खटला चालवत नाही, फक्त एवढंच बघतं की कंपनीच्या म्हणण्यात दम दिसतोय का आणि हुकूम दिला किंवा नाही दिला तर कुणाचं नुकसान जास्त. नाताळचे बारा दिवस संप म्हटल्यावर हा तराजू कुठे झुकणार ते सांगायला वकील नको, आणि न्यायाधीशांनीही तसं स्पष्ट नोंदवलं की एरवीच्या संपापेक्षा नाताळातला संप कंपनीला आणि जनतेला कितीतरी जास्त नुकसानीचा. कागदावर हा हुकूम तात्पुरता असतो, अंतिम सुनावणी नंतर. पण संपाच्या बाबतीत नंतर म्हणजे काय? नाताळ तर गेला ना. म्हणून तिथले वकील तात्पुरत्या हुकमालाच खरा निकाल मानतात. (त्याच आठवड्यात बर्फ पडलं आणि युरोस्टारच्या रेल्वेगाड्या इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात बंद पडल्या, त्यामुळे विमानं वाचली तरी नाताळचे हाल काही टळले नाहीत.)

बरं, हुकूम मोडून संप केला असता तर? तो कोर्टाचा अवमान. भरपाईला कायद्यात कमाल मर्यादा होती, मोठ्या युनियनसाठी अडीच लाख पौंड, पण अवमानाच्या दंडाला कसलीच मर्यादा नाही, युनियनची मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणून कुठलीही मोठी युनियन हा धोका घेत नाही.

इथे थोडं मागे जाऊन एक आठवण. याच हीथ्रोवर ऑगस्ट २००५ मधे गेट गोर्मे नावाच्या, विमानात जेवण पुरवणाऱ्या कंपनीने शेकडो कामगारांना काढलं, त्यात बहुसंख्य आपल्या पंजाबी बायका होत्या. त्यांच्यासाठी ब्रिटिश एअरवेजच्या जमिनीवरच्या स्टाफने काम टाकलं, ना मतदान, ना नोटीस, सगळंच बेकायदा. आणि काही तासांत विमानं ठप्प. चार वर्षांनी याच विमानतळावर ९२ टक्के मतं घेऊन कायद्याने जाणारे मात्र एक विमान थांबवू शकले नाहीत. मी बेकायदा संपाची वकिली करत नाहीये, पण ही विसंगती बघून हसावं की रडावं कळत नाही.

युनियनने नव्याने यादी तयार केली आणि पुन्हा मतदान घेतलं. २२ फेब्रुवारी २०१० चा निकाल: हो ७,४८२, नाही १,७८९, बाद ११. म्हणजे वैध मतांपैकी ८०.७ टक्के हो. बारा टक्के पाठिंबा मधल्या काळात ओसरला, हे कंपनीच्या दृष्टीने फायद्याचंच. चार आठवड्यांची मुदत संपत आली तेव्हा, २० मार्चला, पहिला तीन दिवसांचा संप झाला, नंतर २७ पासून चार दिवसांचा. कंपनीने इतर विभागांतल्या लोकांना ट्रेनिंग देऊन विमानात उभं केलं, भाड्याने विमानं घेतली आणि संपकऱ्यांच्या स्वस्त प्रवासाच्या सवलती काढून घेतल्या. हे सवलतीचं प्रकरण बाहेरच्याला किरकोळ वाटेल पण क्रूमधले कितीतरी लोक दूरच्या गावांतून, दुसऱ्या देशांतूनसुद्धा त्या तिकिटांवर कामाला येतात, त्यांच्यासाठी ती सवलत म्हणजे लोकलचा पास. मूळ भांडण चौदा की पंधरा माणसं याचं, पण इथून पुढे सगळ्यात चिघळलेला मुद्दा हाच झाला.

एप्रिलमधे आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद. त्याला ना मतदान लागलं ना नोटीस.

मे महिन्यात युनियनने पाच-पाच दिवसांचे चार संप जाहीर केले, पहिला १८ मेपासून. आणि १७ मेच्या संध्याकाळी पुन्हा मनाई हुकूम, या वेळी न्यायाधीश मॅक्कोम्ब. कारण वाचून मी पहिल्यांदा चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं. तेव्हाचा कायदा म्हणत होता की मतदानानंतर मत देण्याचा हक्क असलेल्या प्रत्येकाला चार आकडे कळवायचे: एकूण मतं, हो किती, नाही किती, बाद किती. युनियनने निकाल वेबसाइटवर टाकला होता, नोटीस बोर्डावर लावला होता. पण कंपनीचं म्हणणं, ती अकरा बाद मतं प्रत्येक मेंबरपर्यंत पोचवायला पुरेशी पावलं उचलली नाहीत. नऊ हजारांच्या वर मतांमधली अकरा. आणि तेवढ्यावर हुकूम मिळाला!

युनियन लगेच अपिलात गेली आणि तीन दिवसांत, २० मेला, अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक असा निकाल देऊन हुकूम उठवला. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड जज (हो, आडनावच जज), न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ आणि लॉर्ड न्यूबर्गर. पहिले दोघे युनियनच्या बाजूने, न्यूबर्गर विरोधात. स्मिथबाईंनी जे म्हटलं ते माझ्या मते या अख्ख्या प्रकरणाचा गाभा आहे, या कायद्याचा हेतू युनियनच्या वाटेत सापळे आणि अडथळे लावायचा नाही, कंपनी आणि युनियन यांच्यात रास्त व्यवहार व्हावा आणि मतदान खुलं आणि लोकशाही पद्धतीने व्हावं हा आहे. लॉर्ड जज यांनीही बजावलं की कोर्टाची कारवाई हा बोलणी करून भांडण मिटवण्याला पर्याय नाही. निकाल मेंबरांना कुठे बघायचा हे माहीत होतं, तो तिथे होता, एवढं पुरे.

पण न्यूबर्गर यांची बाजू उडवून लावू नका. कायद्यात शब्द स्पष्ट असतील, संसदेने "बाद मतं" हा आकडा वेगळा लिहिला असेल, तर न्यायाधीशाने तो मोडीत काढायचा का? युनियनला तो जाचक वाटत असेल तर कायदा बदलायला संसद आहे. आपल्याकडेही कामगार कोर्टात हे दोन प्रकारचे न्यायाधीश भेटतात, एक हेतू बघणारा, एक शब्द बघणारा, आणि तुमची फाइल कुणासमोर लागेल हे तुमच्या हातात नसतं.

निकालानंतर उरलेले तीन संप झाले, शेवटचा ९ जूनला संपला. एकूण २२ दिवस. ९ जूनच का? कायदेशीर संपातल्या माणसाला नोकरीवरून काढण्यापासून पहिल्या संपाच्या दिवसापासून तेव्हा बारा आठवडेच पूर्ण संरक्षण होतं, २० मार्चपासून मोजा, ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपतं. मधे बोलणीही चालू होती, एकदा तर आंदोलक बैठकीत घुसले आणि युनियनचे सहसरचिटणीस डेरेक सिम्पसन आत बसून बैठकीची बातमी ट्विटरवर टाकत होते असं उघड झालं. वॉल्श भडकले. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण आपल्या कमिटीतही असा एक जण असतोच जो बैठक संपायच्या आधी व्हॉट्सॲपवर सगळं टाकून मोकळा होतो.

पुढे जानेवारी २०११ मधे पुन्हा मतदान, ७८.५ टक्के हो. त्यावरही आक्षेप निघाले आणि युनियनने कोर्टाची वाट न बघता ते मतदान स्वतःच सोडून दिलं, मार्चमधे आणखी एक घेतलं, ८३ टक्के. म्हणजे सव्वा वर्षात चार वेळा पोस्टाने मतदान, चारही वेळा भरघोस हो. त्याच मार्चमधे अपील कोर्टाने रेल्वेवाल्यांच्या दोन केसेसमधे, आरएमटी आणि ॲस्लेफ या युनियनच्या, स्पष्ट केलं की आकड्यांतल्या किरकोळ चुकांवरून मतदान उडवता येणार नाही. स्मिथबाईंनी उघडलेलं दार त्याने आणखी रुंद झालं. मग सरकारने दुसरीकडून दार ओढलं, २०१६ च्या कायद्याने किमान ५० टक्के मतदानाची अट आणली आणि नोटीस सातऐवजी चौदा दिवसांची केली. पण केबिन क्रूची चारही मतदानं ७० टक्क्यांच्या वर होती, ती अट त्यांना अडवू शकलीच नसती. त्यांना अडवलं यादीने.

आता आपल्याकडे या. बरेच कमिटी मेंबर मला म्हणतात की भारतात संपाला मतदान लागत नाही. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, कलम २४ नीट वाचा. मान्यताप्राप्त युनियन असेल तर संपाची नोटीस देण्याआधी युनियनच्या सभासदांच्या बहुमताचं मत संपाच्या बाजूने घेतलेलं असलं पाहिजे, आणि नोटीस चौदा दिवसांची, नाहीतर संप बेकायदा. शब्द बघा, हजर असलेल्यांचं बहुमत असं नाही म्हटलेलं, सभासदांचं बहुमत म्हटलंय. म्हणजे ७०० सभासद असतील तर ३५१ पाहिजेत, गेटवर ३०० आले आणि तीनशेच्या तीनशे हात वर झाले तरी भागत नाही. जो आला नाही तो आपोआप "नाही"त मोजला गेला. संप बेकायदा ठरवायला कंपनी कामगार कोर्टात जाऊ शकते, फक्त एक खिडकी ठेवली आहे, बेकायदा ठरल्यापासून ४८ तासांत मागे घेतला तर तो बेकायदा मानला जात नाही. पोस्ट नाही, निरीक्षक नाही, बाद मतांचा आकडा नाही, कायदा आटोपशीर आहे, पण म्हणूनच मत घेतलं हे सिद्ध करायची जबाबदारी सगळी तुमच्या रजिस्टरवर येते. आमच्याकडे वकिलांनी विचारलेला प्रश्न नेमका हाच होता. त्यानंतर आम्ही सहीची यादी करायला लागलो, प्रत्येक डिपार्टमेंटची वेगळी, आणि पहिल्याच वेळी कळलं की आमच्या ७०० मधले चाळीसेक लोक कधीच सोडून गेलेत, दोघे तर वारलेत.

लंडनचं भांडण मे २०११ मधे मिटलं. तोपर्यंत युनियनकडे लेन मॅक्क्लस्की आले होते, कंपनीकडे वॉल्श यांच्या जागी कीथ विल्यम्स. सवलती परत मिळाल्या, पगारवाढ मिळाली, पण माणसं कमी केलेली ती कमीच राहिली आणि नवा स्वस्त फ्लीटसुद्धा आला. जूनमधे हा करार मेंबरांसमोर मतदानाला ठेवला, तो ९२ टक्के मतांनी मंजूर झाला. दीड वर्षापूर्वी संपासाठी पडले होते जवळजवळ तेवढेच. करारावरच्या मतदानाला तिथल्या कायद्याची एकही अट लागत नाही, यादी कुणी तपासली नाही आणि कोर्टातही कुणी गेलं नाही.